एआय व्हिडिओवरचे लेबल: आपण आधी सांगायचे, की त्यांनी ओळखेपर्यंत थांबायचे?

मासुंदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात चरईत राहतो आणि बँकेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. ठाण्याच्या जुन्या गोष्टींवर छोटे व्हिडिओ करण्याचा मला नाद आहे. आतापर्यंत मी जुनी छायाचित्रे, नकाशे आणि माझा आवाज एवढ्यावर भागवत होतो. यंदा १६ एप्रिलला, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे आली त्या दिवसाच्या निमित्ताने, नातीच्या मदतीने पहिल्यांदाच एआयकडून हलती दृश्ये करून घेतली. धूर सोडणारे इंजिन, रुळांच्या दोन्ही बाजूंना जमलेले लोक, खाडीवरच्या पुलावरून येणारी गाडी आणि शेवटी दोन वाक्ये बोलणारे नाना शंकरशेट, असा तो एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. मजकूर आणि निवेदन माझे आहे. मनासारखी दृश्ये मिळेपर्यंत आम्हा दोघांच्या अकरा संध्याकाळी त्यात गेल्या.

व्हिडिओ यूट्यूबवर चढवताना, त्यात बदललेले किंवा कृत्रिम दृश्य आहे का, असा प्रश्न विचारण्यात आला. हा प्रश्न लोकांना फसवणाऱ्यांसाठी असावा, अशा समजुतीने मी 'नाही' असे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर व्हिडिओखाली एआयचे लेबल आपोआप लागलेले होते. तलावपाळीवर सकाळी भेटणारे एक स्नेही म्हणाले, "अहो, म्हणजे हे तुम्ही केलेच नाही तर!" ते मला लागले.

यंत्राला हे कळते तरी कसे? लेबल लागले की प्रेक्षक कमी होतात का? आणि ज्याचा हेतू स्वच्छ आहे, त्यानेही आपण होऊन हे सांगितलेच पाहिजे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

---

नौपाड्याची संपादिका

काका, सांगायलाच हवे होते. मी लग्नाच्या आणि जाहिरातींच्या चित्रणाचे संकलन करते आणि हा प्रश्न रोज माझ्यासमोर येतो. तो प्रश्न तुमच्या हेतूविषयी नसून दृश्याविषयी असतो. खरा माणूस जे बोलला नाही ते बोलताना दिसत असेल, खऱ्या जागेचे किंवा घटनेचे चित्रण बदललेले असेल, किंवा कधी न घडलेला प्रसंग खरा वाटेल असा दाखवला असेल, तर 'होय' म्हणायचे, अशी यूट्यूबची व्याख्या आहे. मार्च २०२४ पासून ती लागू आहे. रंग सुधारणे, पार्श्वभूमी धूसर करणे, चेहऱ्यावरचे फिल्टर किंवा एआयकडून संहिता लिहून घेणे यांसाठी सांगावे लागत नाही. उघडउघड काल्पनिक असलेल्या दृश्यालाही नाही. म्हणजे तुमच्या व्हिडिओत इंजिनाऐवजी उडता हत्ती असता, तर तुम्ही सुटला असता.

---

लोकल पावणेनऊची

१८५३ मध्ये मोबाइल कोणाकडे होता, एवढा विचार प्रेक्षकाने केला तर लेबलाची गरजच काय?

---

मासुंदाकाठ

@लोकल पावणेनऊची, मलाही तसेच वाटत होते. पण माझ्या भाच्याच्या मुलाने, तो बारावीत आहे, "आजोबा, हे चित्रण कुठल्या संग्रहालयातून मिळाले?" असे विचारले. त्याला मी काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही.

---

ऐरोलीचा यंत्री

यंत्राला कसे कळते, याविषयी थोडे लिहितो, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे फाइलसोबत जाणारा दाखला. अ‍ॅडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये सीटूपीए नावाचा गट स्थापन केला आणि हा दाखला कसा लिहायचा याचे मानक ठरवले. चित्र कोणत्या साधनाने तयार झाले आणि पुढे त्यात काय बदल झाले, याची नोंद फाइलमध्ये लिहून त्यावर सांकेतिक सही केली जाते. नोंदीत कोणी फेरफार केला तर सही जुळत नाही. याशिवाय वृत्तसंस्था वापरतात त्या आयपीटीसी मेटाडेटामध्ये (फाइलसोबतच्या माहितीत) चित्राचा उगम सांगणारा एक रकाना असतो आणि त्यात 'संपूर्ण यंत्रनिर्मित' व 'अंशतः यंत्रनिर्मित' असे वेगवेगळे पर्याय आहेत. तुमच्या नातीने वापरलेल्या साधनाने बहुधा असाच दाखला लिहिला असावा आणि व्हिडिओ चढवताच मंचाने तो वाचला असावा. म्हणजे कोणी तुमचा व्हिडिओ पाहून शंका घेतली नाही. व्हिडिओनेच स्वतःची ओळख सांगितली.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रातच मुरलेली खूण. गूगल डीपमाइंडने ऑगस्ट २०२३ मध्ये सिंथआयडी आणले, ते आधी चित्रांसाठी होते आणि पुढच्या वर्षी व्हिडिओपर्यंत पोहोचले. यात चित्रबिंदूंमध्येच डोळ्यांना न दिसणारा फरक केलेला असतो आणि तो ओळखणारे साधन त्याच कंपनीकडे असते. दाखला पाकिटावरच्या पत्त्यासारखा असतो, पाकीट बदलले की तो गेला. मुरलेली खूण कागदातल्या जलचिन्हासारखी असल्यामुळे फाइल थोडी आकसली किंवा कडा कापल्या तरी ती बहुतेकदा टिकते. मात्र एका कंपनीची खूण दुसरीच्या साधनाला वाचता येईलच असे नाही.

तिसरा मार्ग म्हणजे नुसत्या दिसण्यावरून अंदाज करणे. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. चित्रातल्या हातांची चुकलेली बोटे मोजून एआय ओळखण्याचे दिवस गेले.

---

खाडीपक्षी

मला या लेबलाविषयी राग आहे आणि त्याला कारण आहे. मी नेरुळला राहतो आणि हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत पहाटे पाणथळ जागांवर फ्लेमिंगोंचे छायाचित्रण करतो. गेल्या मोसमात भरतीची वेळ साधून, साडेपाचपासून चिखलात उभा राहून मी एक चित्र मिळवले. चौकटीच्या कोपऱ्यात विजेची एक तार येत होती, ती संगणकावर जनरेटिव्ह, म्हणजे एआयने नवे चित्र भरणाऱ्या, साधनाने पुसली आणि चित्र एका मंचावर टाकले. तर त्यावर एआयचे लेबल! पक्षी खरे, पाणी खरे, उजेड खरा, माझ्या पायाला चिकटलेला चिखलही खरा. "छान बनवले आहे, कोणते ॲप?" असे एकाने विचारले, तेव्हा मी चित्रच काढून टाकले.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. मेटाने मे २०२४ मध्ये 'एआयने बनवलेले' या अर्थाचे लेबल सुरू केले, तेव्हा किरकोळ दुरुस्ती केलेल्या खऱ्या छायाचित्रांवरही ते लागू लागले. परदेशातल्या नामांकित छायाचित्रकारांनी ओरड केल्यावर जुलैमध्ये त्याची शब्दयोजना बदलून 'एआय माहिती' अशी सौम्य करण्यात आली. पण शब्द सौम्य झाल्याने वाचणाऱ्याचे मत सौम्य होत नाही.

---

पाणथळ

@खाडीपक्षी, तुमच्या पहाटेच्या कष्टांविषयी आदर ठेवून लिहिते, पण तुम्ही पुसलेली तार किरकोळ होती हे कोणी ठरवले? ठाणे खाडीच्या किनाऱ्याने फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कमी उंचीवरून उडणारे पक्षी तारांना आणि फलकांना धडकतात. उद्या त्याच जागेविषयी कोणी अर्ज केला आणि पुरावा म्हणून तुमचे चित्र पाहिले, तर तेथे तार नव्हती असे दिसेल. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या खाडीच्या परिसरातले चित्र हे सौंदर्याइतकेच नोंदीचेही काम करते. तुमचे पक्षी खरे आहेत, पण चित्रातले आकाश तुम्ही दुरुस्त केलेले आहे.

---

खाडीपक्षी

ताई, चौकट थोडी डावीकडे धरली असती तरी तार दिसली नसती. मग त्या चित्राला कोणते लेबल लावणार?

---

पाणथळ

तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. तरीही, न दाखवणे आणि असलेले नाहीसे करणे यांत मला फरक दिसतो.

---

नौपाड्याची संपादिका

@खाडीपक्षी, एक व्यावहारिक उपाय सांगते. तार पुसायची असेल तर जुन्या पद्धतीने, शेजारचे आकाश उचलून तेथे लावावे. त्या कामाची नोंद जनरेटिव्ह म्हणून होत नाही. दिसायला परिणाम तोच, आणि लेबल मात्र येत नाही. मला हे पटत नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे.

---

ऐरोलीचा यंत्री

संपादिकाताईंनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. यंत्र हत्यार पाहते, जखम पाहत नाही. म्हणूनच काही कंपन्या उलट दिशेने जात आहेत आणि खोटे ओळखण्याऐवजी खऱ्याला जन्मापासून दाखला देत आहेत. लायकाने २०२३ मध्ये असा कॅमेरा आणला आणि गूगलच्या पिक्सेल १० फोनमध्येही ही सोय आहे. अर्थात तेही निर्धोक नाही. निकॉनच्या एका कॅमेऱ्यात त्रुटी सापडली आणि कॅमेऱ्याने न टिपलेल्या चित्रावरही खरेपणाची सही मिळू लागली. तेव्हा २०२५ मध्ये कंपनीला आपण दिलेली सगळी प्रमाणपत्रे रद्द करावी लागली होती.

---

घोडबंदरची काकू

तुमची चर्चा वाचते आहे. मला तंत्र कळत नाही, पण लेबल नसल्यामुळे काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या इमारतीच्या मागे येऊरचा डोंगर आहे. बिबट्या या भागाला नवा नाही. राष्ट्रीय उद्यानाला लागून घरे बांधल्यावर तो दिसणारच, हे आम्ही घर घेतानाच समजून घेतले होते. पावसाळ्यात एका रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वाहनतळात दोन गाड्यांच्या मधून बिबट्या चालत येतो, थांबतो आणि कॅमेऱ्याकडे पाहतो. अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. पुढचे चार दिवस मुलांना खाली खेळायला सोडले नाही, कामाला येणाऱ्या बायकांनी संध्याकाळी येणे बंद केले आणि रखवालदारांच्या हातात काठ्या व फटाके देण्यात आले. वनखात्याची माणसे येऊन माग शोधून गेली, पण त्यांना काही मिळाले नाही.

शेवटी आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीच्या लक्षात आले की व्हिडिओतल्या खांबांना हिरवा पट्टा आहे आणि आमच्या खांबांना पिवळा. शोध घेतल्यावर कळले की कोणीतरी हौसेने तो एआयवर तयार करून एका मंचावर टाकला होता आणि तेथे त्यावर लेबलही होते. मधल्या कोणीतरी मोबाइलच्या पडद्याचे रेकॉर्डिंग केले, कडा कापल्या आणि खाली आमच्या रस्त्याचे नाव लिहून पुढे पाठवले. लेबल तेथेच राहिले आणि बिबट्या आमच्याकडे आला.

पण माझी खरी तक्रार पुढची आहे. दोन महिन्यांनी शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत खरोखर बिबट्या दिसला. त्यांनी तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आणि आमच्या ग्रुपवर पहिले उत्तर आले, "एआय दिसतोय." त्या रात्री साडेदहाला आमच्या इमारतीतले एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन फिरायला गेले. काही झाले नाही, ते सुखरूप परतले. मात्र त्यांच्या पत्नी दार उघडे ठेवून जिन्यात उभ्या होत्या, हे मी पाहिले आहे.

---

लोकल पावणेनऊची

काकू, आधी मी विनोद केला होता, तो मागे घेतो.

---

रीलवाला_वाशी

एवढी चिंता कशाला करायची? मी रोज दोन रील टाकतो. तयार झालेला व्हिडिओ दुसऱ्या मोबाइलवर चालवून पडद्याचे रेकॉर्डिंग केले की दाखला नाहीसा होतो आणि लेबल येत नाही. काकूंच्या गोष्टीतल्या माणसाने हेच केले, फक्त त्याने बिबट्यासाठी केले आणि मी मांजरीसाठी करतो.

---

नौपाड्याची संपादिका

@रीलवाला_वाशी, मांजरीसाठी हे करण्याचे कारण काय?

---

रीलवाला_वाशी

लेबल दिसले की लोक खालच्या प्रतिक्रियांमध्ये मांजरीविषयी बोलत नाहीत, एआयविषयी भांडतात.

---

न्यायालय नाका

मी ठाण्याच्या न्यायालयात वकिली करतो. पुढील मजकूर हा सल्ला नाही, केवळ माहिती आहे, असे आधीच लिहितो. आमच्या व्यवसायात हेच आमचे लेबल असते.

केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत केलेली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाली आहे. तिच्यात 'कृत्रिमरीत्या निर्माण केलेली माहिती' अशी व्याख्या असून, खरी वाटू शकेल अशी दृश्ये आणि ध्वनी त्यात येतात. भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी चढवणाऱ्याकडून घोषणा घ्यायची, तांत्रिक साधनांनी ती पडताळायची आणि माहिती कृत्रिम ठरल्यास ठळक लेबल लावायचे आहे. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलाने पडद्याचा किमान १० टक्के भाग व्यापावा, अशी अट होती. अंतिम नियमांत ती ठेवलेली नाही. बेकायदा मजकुराविषयी न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश आल्यावर तो हटवण्यासाठी पूर्वी ३६ तास मिळत, ते आता ३ तासांवर आले आहेत. आणि रीलवाला यांनी नीट वाचावे असा भाग म्हणजे, एकदा लागलेले लेबल किंवा दाखला काढून टाकण्याची सोय माध्यमांनी देता कामा नये, असेही नियमांत आहे.

@खाडीपक्षी, आशय बदलत नसेल तर रंगदुरुस्ती, गोंगाट कमी करणे, फाइल लहान करणे अशा नेहमीच्या संपादनाला नियमांतून वगळले आहे. तार पुसल्याने आशय बदलतो की नाही, यावर मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकेन, आणि पाणथळताईंची बाजू मला अधिक सोपी जाईल.

@मासुंदाकाठ, प्रामाणिक हेतूने केलेल्या शैक्षणिक साहित्यालाही सवलत आहे. पण तुमच्या व्हिडिओत एक ऐतिहासिक व्यक्ती बोलते, आणि ते बोलणे खरे असल्याचा समज होऊ शकतो. त्या सवलतीच्या आड तुम्ही उभे राहू नये असे मला वाटते. हयात व्यक्तींच्या बाबतीत तर न्यायालये आता फार सावध आहेत. आशा भोसले यांच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिले, ते तुमच्या वाचनात आले असेल.

---

कळव्याचा वाचक

हे सगळे नियम प्रामाणिक माणसाला लागू पडतात. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एका गेमिंग ॲपची शिफारस करणारा खोटा व्हिडिओ फिरत होता आणि तो खोटा असल्याचे शेवटी त्यांना स्वतःलाच सांगावे लागले. तो करणाऱ्याने 'होय, कृत्रिम आहे' या पर्यायावर खूण केली असेल का?

---

न्यायालय नाका

नक्कीच नसेल. पण आता निदान मंचाला 'आम्हाला कळले नाही' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. अशा व्हिडिओमुळे कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

---

मुरबाडकर

मी हा धागा तीन दिवस वाचत होतो आणि कोणीतरी मूळ व्हिडिओ पाहील अशी वाट पाहत होतो. सगळे लेबलावरच बोलत आहेत, म्हणून मीच पाहिला. मासुंदाकाठ, तुमचे निवेदन सुरेख आहे आणि आवाजात ठाण्याविषयीची माया कळते. तरीही काही गोष्टी सांगणे भाग आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली ती गाडी १४ डब्यांची होती, तिच्यात सुमारे ४०० पाहुणे होते आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडलेली होती. तुमच्या व्हिडिओत एकच इंजिन आहे. फलाटावर पिवळ्या रंगाची, काळ्या अक्षरांची पाटी आहे. ती आपल्या आजच्या स्थानकांवरची पाटी आहे आणि यंत्राने ती बहुधा आजच्या चित्रांतून उचललेली आहे.

सर्वांत मोठी चूक मात्र पुलाची आहे. पहिली गाडी ३४ किलोमीटर येऊन ठाण्यालाच थांबली. ती खाडी ओलांडून पलीकडे गेली नाही, कारण कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. खाडीवरच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचे चित्र 'पहिली रेल्वे' म्हणून सगळीकडे फिरते, पण ते पहिल्या फेरीचे असूच शकत नाही. तुमचा व्हिडिओ मुंबईकडून येणारी गाडी पुलावरून ठाण्यात शिरताना दाखवतो. म्हणजे ती गाडी कळव्याच्या, मुंबईच्या उलट बाजूने येते आहे.

आणि नानांविषयी. १८०३ मध्ये त्यांचा जन्म आमच्या मुरबाडला झाला, म्हणून मी अधिक हळवा आहे असे हवे तर समजा. रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत ते अग्रभागी होते. तुमच्या व्हिडिओत ते म्हणतात, "आज माझे स्वप्न साकार झाले. ही गाडी आता कधीच थांबणार नाही." ही वाक्ये तुम्हाला कोठे मिळाली?

---

मासुंदाकाठ

मी लिहिली.

---

मुरबाडकर

मला वाटलेच. १८५३ चा माणूस "स्वप्न साकार झाले" असे बोलत नसावा. ते वाक्य मालिकेतले वाटते.

---

मासुंदाकाठ

थोडे मन मोकळे करतो. ऐतिहासिक नाटकांत पात्रे लेखकाने लिहिलेलेच बोलतात. शिवाजी महाराजांच्या तोंडी आजवर किती जणांनी संवाद घातले आहेत! तेव्हा कोणी लेबल मागितले नाही. मी निवृत्त माणूस माझ्या खर्चाने, नातीला सोबत घेऊन चार लोकांना आपल्या शहराचा अभिमान वाटावा म्हणून काही करतो, तर मला बिबट्या सोडणाऱ्याच्या पंगतीला बसवावे, याचे दुःख होते.

---

घोडबंदरची काकू

भाऊ, कोणी तसे बसवलेले नाही. पण तुम्ही जो प्रश्न नाटकाविषयी विचारला, त्याचे उत्तर तुमच्याच घराजवळ आहे. गडकरी रंगायतनला आपण तिकीट काढून जातो, तिसरी घंटा होते, पडदा वर जातो. समोरचा माणूस महाराज नाही हे लहान पोरालाही ठाऊक असते, कारण मध्यंतरात तोच नट बाहेर वडा खाताना दिसू शकतो. तुमचा व्हिडिओ मला माझ्या बहिणीने पाठवला होता, या धाग्याच्या आधीच. त्यावर ना तुमचे नाव होते, ना निवेदनाचा सुरुवातीचा भाग. फक्त नाना बोलतात तेवढाच तुकडा होता आणि खाली लिहिले होते, "दुर्मिळ चित्रण, अवश्य पाहा." मी तो सात जणांना पाठवला.

---

नौपाड्याची संपादिका

काकूंच्या प्रतिसादानंतर फारसे उरत नाही, पण काकांचा एक मूळ प्रश्न राहिला आहे, तो पूर्ण करते. कृत्रिम असल्याचे सांगितल्यामुळे व्हिडिओचा प्रेक्षकवर्ग मर्यादित होत नाही आणि त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या पात्रतेवरही परिणाम होत नाही, असे यूट्यूबने स्पष्ट म्हटलेले आहे. उलट, वारंवार न सांगणाऱ्याचे व्हिडिओ काढले जाऊ शकतात आणि त्याचे उत्पन्नही बंद होऊ शकते. लेबल बहुतेक वेळा व्हिडिओखालच्या माहितीत असते. आरोग्य, बातम्या, निवडणुका आणि आर्थिक विषय असतील तर मात्र ते थेट चित्रावर येते.

प्रेक्षक लेबल पाहून पुढे सरकतात का, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात पाटीपेक्षा पहिली तीन सेकंदे महत्त्वाची ठरतात. काका, तुमच्याकडे आवाज आहे. पहिल्या वाक्यातच सांगा की ही दृश्ये आम्ही कल्पनेने रचली आहेत. ते वाक्य कोणाला कापायचे असेल तर व्हिडिओच्या मधूनमधूनही चित्रावर बारीक अक्षरांत लिहा. मंचाचे लेबल मंचावरच राहते. चित्रात लिहिलेले शब्द चित्राबरोबर प्रवास करतात.

---

ऐरोलीचा यंत्री

याला पूर्ण अनुमोदन. कडेला लिहू नका, कडा कापल्या जातात. मधोमध, फिकट अक्षरांत लिहा.

---

रीलवाला_वाशी

मग मराठीत नेमके काय लिहायचे? 'कृबुनिर्मित' (कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मित) लिहिले तर माझे मित्र त्याला एखाद्या बिल्डरचे नाव समजतील.

---

लोकल पावणेनऊची

घोडबंदर रोडवर त्या नावाचा प्रकल्प निघायला वेळ लागणार नाही, आणि त्याच्या जाहिरातीतला तलावही कृबुनिर्मितच असेल.

---

पाणथळ

'कल्पनाचित्र' हा साधा शब्द आहे. शाळेच्या पुस्तकात जुन्या नगरांच्या चित्राखाली तो असायचा आणि आम्हाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नव्हता.

---

खाडीपक्षी

'कल्पनाचित्र' आवडला. माझ्या छायाचित्रासाठी चालणार नाही, पण आता मी चित्राखाली 'कोपऱ्यातील एक तार काढली आहे' असे लिहून ते पुन्हा टाकले आहे. सोबत तारेसह मूळ चित्रही दिले. पहिल्या प्रतिक्रियेत एकाने विचारले की ती तार कुठल्या पाणवठ्यावरची आहे. पाणथळताई, तुमच्याकडे अर्ज लिहिण्याचा अनुभव असेल तर कृपया निरोप पाठवावा.

---

मासुंदाकाठ

मंडळी, आठवडाभर काही लिहिले नाही, कारण नातीची परीक्षा होती आणि तिच्याशिवाय माझे पान हलत नाही.

मूळ व्हिडिओ काढून टाकला. नव्या व्हिडिओत पूल नाही आणि पिवळी पाटी नाही. चढवताना 'होय' असे उत्तर दिले. सुरुवातीला माझ्या आवाजात "ही सारी दृश्ये कल्पनाचित्रे आहेत, त्या दिवशी येथे चलच्चित्राचा कॅमेरा नव्हता" असे वाक्य घेतले आहे, आणि तीन ठिकाणी मधोमध 'कल्पनाचित्र' असे लिहिले आहे. नाना आता काही बोलत नाहीत. ते डब्याच्या खिडकीतून बाहेर पाहतात. मला हे दृश्य आधीच्यापेक्षा बरे वाटते, पण नातीचे मत वेगळे आहे. भाच्याच्या मुलालाही फोन करून खरे काय ते सांगितले.

स्नेह्यांना सकाळी नवा व्हिडिओ दाखवला. त्यांनी सगळा पाहिला आणि पुन्हा म्हणाले, "म्हणजे हे तुम्ही केले नाही." मी त्यांना अकरा संध्याकाळींचा हिशेब सांगितला, आणि मग आम्ही चहा घेतला.

@मुरबाडकर, इंजिने तीन केली आहेत. दुवा निरोपात पाठवला आहे, सवडीने पाहून कळवावे.

---

मुरबाडकर

पाहिला. पूल गेल्यामुळे गाडी एकदाची योग्य दिशेने आली. नाना गप्प आहेत ते शोभून दिसते. डबे मात्र मी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा तेराच भरले.

---

मासुंदाकाठ

चौदा सांगितले होते. आधी सोळा आले, मग अकरा, आणि आता तेरा. आज रात्री पुन्हा सांगून पाहतो.